नवमीचा चंद्र किती वाजता उगवतो? खुर्चीत बसून ऐतिहासिक जागा लिहिताना

नमस्कार मंडळी.

तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला ती रात्र माघ वद्य नवमीची, शके १५९१. इंग्रजी तारखेने ४ फेब्रुवारी १६७०. या रात्रीवर कोणी लिहायला बसलं की पहिल्याच परिच्छेदात चांदणं पडतं. कडा उजळतो, दोर चमकतो, वर चढणाऱ्यांच्या सावल्या कातळावर हलतात. वाचायला छान वाटतं, पण वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्याशिवाय उगवतच नाही. उगवतो तोही अर्ध्याहून कमी. म्हणजे रात्रीचा पहिला अर्धा भाग मिट्ट काळोखाचा. एकदा हे कळलं की सगळा प्रसंगच फिरतो. आता लेखकाला डोळे वापरता येत नाहीत, कान आणि हात वापरावे लागतात. माघातल्या कातळाचा गारवा, बोटाखाली सुटलेला खडा, तो खाली आपटेपर्यंत गेलेला वेळ. पहारेकऱ्यालाही दिसत नाही, ऐकूच येतं. चांदणं काढून टाकलं आणि भीती आपोआप आली.

आजच्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे. जागेला भेट देऊन आलेल्या माणसाला आजची जागा दिसलेली असते: दिवसाउजेडी, रेलिंग लावलेली, गवत कापलेली. घरबसल्या प्रवास करणाऱ्याला ती दिसत नाही, आणि हीच त्याची सोय आहे. त्याला त्या दिवसाची, त्या घटकेची जागा शोधून काढावी लागते. दुरून लिहायचं म्हणून संकोच वाटणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावं.

आता त्या चंद्राचंच थोडं पुढे. आपल्या जुन्या कागदांत तिथी असते, ही मोठी देणगी आहे. तिथीवरून चंद्र तोंडी काढता येतो. पौर्णिमेला तो सूर्य मावळताना उगवतो आणि पुढे रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा. वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास. शुद्ध अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी माथ्याजवळ असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. संध्याकाळची कोवळी कोर नेहमी पश्चिमेला, मावळतीच्या तयारीत. ‘सांजवेळी पूर्वेला चंद्रकोर उगवली’ हे वाक्य कुठल्याच शतकात खरं होत नाही.

फक्त इंग्रजी तारीख हाती असेल तर ‘स्टेलॅरियम’सारखा फुकट मिळणारा आकाशदर्शनाचा प्रोग्रॅम वापरावा. जागा, तारीख, वेळ घाला की त्या रात्रीचं आकाश समोर. पण इथे एक खड्डा आहे. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते आणि शिवकालातल्या आपल्या रूढ तारखा बहुतेक त्याच हिशेबाच्या आहेत. प्रोग्रॅम मात्र १५८२ नंतरची तारीख ग्रेगोरियन, म्हणजे आजच्या कॅलेंडरची, धरतो. सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचं अंतर होतं. म्हणून कोंढाण्याच्या रात्रीसाठी १४ फेब्रुवारी १६७० घालायला हवी. तुम्ही सरळ ४ फेब्रुवारी घातलीत तर पडद्यावर जवळजवळ पौर्णिमेचा चंद्र येतो. आणि लेखक खूश होऊन पुन्हा चांदण्यात न्हायला लागतो, या वेळी पुराव्यानिशी! तारीख बदलून घेतली की नाही याची खूण सोपी आहे: पडद्यावरचा चंद्र आणि कागदावरची तिथी जुळली पाहिजेत.

हेच दहा दिवस ऋतूही बदलतात. ६ जून १६७४ चा रायगडावरचा राज्याभिषेक आजच्या कॅलेंडरने १६ जूनला येतो. कोकणात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पोहोचतो. त्या दिवशी पडला की नाही, ते सोडा. पण आभाळ, दमटपणा, ओलीची धास्ती हे सगळं प्रसंगात हवं. वैशाखातली धूळ नको.

आता नकाशा. बहुतेक जण उपग्रहचित्र उघडतात आणि तिथेच फसतात. उत्तर गोलार्धात सूर्य बहुतेक वेळा दक्षिणेकडून उजेड टाकतो, म्हणून चित्रातल्या सावल्या वरच्या बाजूला पडतात. आपल्या मेंदूला मात्र उजेड वरून येतो असंच समजायची सवय. परिणामी दरी डोंगरासारखी दिसते आणि सोंड घळीसारखी. अशा चित्रावर विसंबून कोणी शिलेदार ‘टेकाडावर’ उभा केला तर तो प्रत्यक्षात ओढ्यात उभा असतो. उपाय अगदी साधा: चित्र उलटं फिरवा, दक्षिण वर. डोंगर डोंगरासारखे दिसू लागतात. मग शेजारी समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा ठेवून ताडून घ्या. १:५०,००० च्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. रेषा जिथे एकमेकींना चिकटल्या तिथे कडा, जिथे फाकल्या तिथे माणूस बसून दम खाऊ शकतो. त्रिमितीय दृश्य वापरत असाल तर उंचीची पट मूळ मापावर, म्हणजे १ वर आहे ना, ते पाहा. ती वाढवलेली असली तर प्रत्येक टेकडी हिमालय होते.

रस्त्यावरून काढलेली गोल फिरणारी छायाचित्रं (‘स्ट्रीट व्ह्यू’) उपयोगाची असतात, पण कॅमेरा गाडीच्या टपावर असतो, साधारण अडीच मीटर उंचीवर. त्याला कुंपणाच्या पलीकडचं दिसतं, पायी चालणाऱ्याला दिसत नाही. गंमत म्हणजे ही उंची घोडेस्वाराच्या नजरेच्या जवळपास जाते. तुमचं पात्र घोड्यावर असेल तर दृश्य तसंच घ्या. पायउतार झालं की भिंती वर चढवा.

छायाचित्रातली झाडं तर सर्रास दगा देतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आपल्याकडे आला एकोणिसाव्या शतकात. बोगनवेल आणि घाणेरी दक्षिण अमेरिकेकडच्या. आजच्या किल्ल्यांच्या उतारांवर घाणेरी इतकी माजली आहे की ती तिथे कायमचीच असेल असं वाटतं. शिवकालीन स्वार घाणेरीच्या झुडपाआड लपला की जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

अंतर आणि वेळ यांचा हिशेब कागदावर करा, मनात नको. पायी चालण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा अजून चालतो: ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला वर एक तास. म्हणजे १० किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास. ओझं, अंधार, चिखल यांचा वेळ वेगळा. बैलगाडी तासाला तीनेक किलोमीटर. जुन्या लेखनातला कोस मात्र प्रांतागणिक बदलतो. तेव्हा कोसाचं गणित करण्यापेक्षा दोन गावं नकाशावर ओळखून मोजलेलं बरं. घटका २४ मिनिटांची, प्रहर तीन तासांचा. हे कोष्टक भिंतीवर लावून ठेवावं.

उजेडाचं सूत्र एका ओळीचं आहे. भर दुपारी सूर्याची उंची म्हणजे ९० वजा अक्षांश अधिक सूर्याची क्रांती (सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते). क्रांती २१ जूनच्या सुमारास अधिक साडेतेवीस अंश, २१ डिसेंबरच्या सुमारास उणे साडेतेवीस. लंडनला डिसेंबरात दुपारी बारालाही सूर्य फक्त १५ अंशांवर असतो, म्हणजे १० मीटर उंच भिंतीची सावली ३७ मीटर लांब पडते. अरुंद गल्लीत ऊन जमिनीला टेकतच नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला जूनमध्ये उलटी तऱ्हा: माध्यान्हीची सावली नखाएवढी, आणि तीही दक्षिणेकडे.

साक्षीदारांबद्दल. जुन्या प्रवाशांची वर्णनं वाचताना तीन प्रश्न समासात लिहून ठेवावेत: याने स्वतः पाहिलं का, किती अंतरावरून, आणि किती वर्षांनी लिहिलं? इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकाचं सर्वांत गाजलेलं वर्णन धाकट्या प्लिनीचं, या रोमन लेखकाचं. तो उपसागराच्या पलीकडे मिसेनमला होता, सुमारे ३० किलोमीटरवर, आणि लिहिलं सुमारे २५ वर्षांनी. छत्रीसारख्या पाइनच्या झाडागत वर फाकलेला ढग त्याने पाहिला, तो खरा. त्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहराच्या गल्लीतली राख त्याने पाहिली नव्हती. विजयनगर १५२० च्या सुमारास पाहणारा पोर्तुगीज डोमिंगो पाइश शहराची तुलना रोमशी करतो. परक्या जागेला ओळखीच्या जागेचं माप लावायची ही खोड सगळ्याच प्रवाशांना असते. त्यांचे आकडे हातचं राखून घ्यावेत, पण बाजारात काय विकायला होतं, दारात काय उभं होतं, हे मात्र निःशंक उचलावं. राज्याभिषेकाला आलेल्या इंग्रज वकिलाने, हेन्री ऑक्झिंडेनने, रायगडावर राजवाड्याच्या दाराशी दोन लहान हत्ती पाहिले आणि इतक्या अवघड वाटेने ते वर आले कसे, याचं नवल नोंदवलं. असं नवल म्हणजे सोनं. एका ओळीत वाट, चढ आणि पाहुण्याचा चेहरा.

पॉम्पेईपाशी जरा थांबायला हवं, कारण अवशेषांची भूल म्हणजे काय ते तिथे नीट कळतं. शांत रस्ते, उघडं आकाश, भाजक्या रंगाच्या भिंती. लेखक हळवा होतो. पण इसवी सन ७९ मध्ये त्या भिंतींवर छपरं होती, वरचे मजले होते, लाकडी सज्जे रस्त्यावर झुकलेले होते. लाकूड गेलं म्हणून आपल्याला आकाश दिसतं! खरी गल्ली बरीच काळोखी होती. रस्ता ओलांडायला मधोमध उंच दगड बसवलेले आहेत, कारण पदपथांच्या मधून पाणी आणि घाण वाहायची. त्या दगडांमधल्या फटींतून गाड्यांची चाकं जायची. चाकोऱ्या आजही फरसबंदीत खोल उतरलेल्या दिसतात. म्हणजे गाडीवानाला चाकं नेमकी फटीत घालावी लागत. कोपऱ्यावर धोबीखाना असेल तर नाक आधी सांगायचं: कपडे स्वच्छ करायला साठवलेलं मूत्र वापरत. आणि तो प्रसिद्ध ‘पॉम्पेई लाल’? पिवळी गेरू तापली की लाल होते. काही भिंती उद्रेकाच्या उष्णतेनेच पिवळ्याच्या लाल झाल्या. तुमची नायिका आदल्या दिवशी लाल दालनात बसली असेल तर कदाचित ते पिवळं होतं.

दिवसाचाही प्रश्न आहेच. प्लिनीच्या पत्रांच्या हस्तलिखितांवरून परंपरेने २४ ऑगस्ट मानतात. पण २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली, आपल्या हिशेबाने १७ ऑक्टोबरची नोंद सापडली. कोळसा पुसून जाणारा, तेव्हा ती उद्रेकाच्या थोडीच आधीची असावी असा तर्क आहे. उन्हाळा लिहायचा की शरद, हे लेखकाने ठरवावं. पण एकदा ठरवलं की फळं, कपडे, संध्याकाळची लांबी सगळं त्याच बाजूला गेलं पाहिजे. अर्धं इकडे अर्धं तिकडे चालत नाही.

एकोणिसाव्या शतकातली जिल्हा गॅझेटियर्स घरबसल्या मोफत वाचता येतात आणि ती अप्रतिम आहेत. फक्त त्यातला रस्ता आणि जंगल हे १८८० चं आहे, १६८० चं नाही, एवढं विसरू नये.

भाषेचा मुद्दा पटकन उरकण्याइतका छोटा नाही, तरी एकच सांगायचं. कालविसंगती नामांपेक्षा उपमांत जास्त लपते. जुन्या काळच्या टोपीवाल्या इंग्रजाच्या हातात चुकून मोबाइल कोणी देत नाही. पण सोळाव्या शतकातला सरदार ‘वाफेच्या इंजिनासारखा’ फुत्कारतो, ‘किल्ली दिल्यासारखा’ उठतो, ‘एका मिनिटात येतो’ म्हणतो. पहिला खर्डा झाला की फक्त उपमा आणि वेळेचे शब्द यांच्यासाठी एक वेगळं वाचन करा. मिनिटाच्या जागी घटका, पळ, ‘डोळ्याचं पातं लवतं न लवतं’, जे बसेल ते.

जमवलेल्यातलं वापरायचं किती? एका प्रसंगासाठी चाळीस तपशील गोळा करावेत आणि चार ठेवावेत. उरलेले छत्तीस वाया जात नाहीत, ते चुका अडवतात. नवशिके चाळीसच्या चाळीस ओततात, कारण शोधायला कष्ट पडलेले असतात. वाचकाला त्या कष्टांची पावती नको असते. चार निवडताना माझा कौल नेहमी अशा तपशिलाला, ज्यामुळे पात्राला काहीतरी करावं लागतं: चाकं फटीत घालणं, हात चाचपडणं, पाऊस यायच्या आत पोहोचणं. नुसतं पाहायला लावणारा तपशील शेवटी.

आणि एक मागणी. ओळखीतलं कोणी त्या जागी जाणार असेल तर त्यांच्याकडे फोटो मागू नका. फोटो हवे तेवढे आहेत. त्यांना सांगा: दुपारी भिंतीवर हात ठेवून ती किती तापते ते पाहा. जुन्या पायऱ्यांपैकी एकीची उंची वितीने मोजा. कमानीखाली एकदा टाळी वाजवा आणि आवाज परत येतो का ऐका. सकाळी पर्यटक यायच्या आधी फोन दगडावर ठेवून दोन मिनिटं नुसता आवाज टिपा, आणि त्या दोन मिनिटांत कृपा करून बोलू नका.