एका झऱ्याचं सूत

श्रोतेहो, नमस्कार.

उत्तर वेल्समध्ये होलीवेल नावाचं गाव आहे. होलीवेल म्हणजे पवित्र विहीर. संत विनिफ्रेडचं कापलेलं मस्तक जिथे पडलं तिथे झरा फुटला, अशी तिथली श्रद्धा. आजही लोक तिथे स्नानाला येतात. हे पाणी ग्रीनफिल्डच्या दरीतून धावत जाऊन डी नदीच्या खाडीला मिळतं. प्रवाह लहान, पण जोर दांडगा. १७७४ साली इंग्रज लेखक डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी त्यावर १९ पाणचक्क्या चालतात असं लिहून ठेवलं.

पुढच्या तीनच वर्षांत तिथे कापूस आला. आणला जॉन स्मॉली यांनी. हे मूळचे इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातल्या प्रेस्टनचे दारूचे व्यापारी आणि पाण्यावर चालणारं सूतकताई यंत्र रूढ करणाऱ्या रिचर्ड आर्कराइटचे सुरुवातीचे भागीदार. दोघांचं बिनसलं आणि स्मॉली १७७७ मध्ये इथे आले.

सोबत आली ती पाण्यावर चालणारी सूतकताई. रुळांच्या जोड्या एकापुढे एक. पुढची जोडी मागचीपेक्षा जलद फिरते, त्यामुळे पेळू ताणला जाऊन बारीक होतो, मग चाती त्याला पीळ देते. हे सूत ताण्याला, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांना, पुरेल इतकं मजबूत निघे. तोवर लँकेशरचे विणकर ताण्याला लिननचं, म्हणजे जवसाच्या झाडाच्या तंतूंचं, सूत लावत. आपल्याकडच्या कातणाऱ्या बायकांच्या बोटांत जी कसब पिढ्यान्‌पिढ्या होती, ती तिकडे अशी यंत्रात उतरली.

स्मॉली १७८२ मध्ये वारले, पण काम थांबलं नाही. १७८३, १७८५ आणि १७९० मध्ये नव्या गिरण्या उभ्या राहिल्या. लिव्हरपूल बंदर जवळच होतं. त्या काळी ब्रिटनमध्ये येणारा बराचसा कापूस कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवलेला असे.

आणि गिरणीत कोण होतं? मुलं. शेजारच्या गावचे निसर्ग-अभ्यासक थॉमस पेनंट यांनी १७९६ मध्ये त्यांच्या राहण्याची व्यवस्था वर्णिली आहे. मुलामुलींची घरं वेगळी, वर्षातून दोनदा चुना, आठवड्यातून तीनदा तंबाखूचा धूर. पेनंट हे कौतुकानं लिहितात. मला मात्र त्या धुराशी थांबावंसं वाटतं. तापाची साथ येईल म्हणून कंपनी घरं धुरी देऊन शुद्ध करत होती. ज्यांच्यासाठी ही धुरी होती, त्या मुलांचा शब्द कुणी टिपून ठेवला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथली कापूसकताई संपली. १९१७ मध्ये खाणीच्या बोगद्यानं झऱ्याचं पाणीच ओढून नेलं. नंतर दुसरीकडून थोडं पाणी वळवून आणलं. दरीत आता पडक्या भिंती आहेत आणि चाकं नसलेले चाकांचे खड्डे.