राणीछाप रुपयावरची रेघ

नमस्कार श्रोतेहो. लक्ष्मीपूजनाला देव्हाऱ्यातली डबी उघडली की पुष्कळ घरांत एखादा चांदीचा रुपया निघतो. त्याला हळदकुंकू लागतं आणि तो पुन्हा वर्षभरासाठी डबीत जातो. यंदा ठेवण्याआधी एकदा उजेडात धरा.

आमच्या घरचा रुपया १८४० सालचा, ईस्ट इंडिया कंपनीचा. वजन ११.६६ ग्रॅम. वर १८४० लिहिलंय म्हणून तो त्याच साली पाडला असं मात्र नाही. १८६२मध्ये नवा रुपया येईपर्यंत टांकसाळींनी हेच साल चालवलं. मग जुना कोणता, नंतरचा कोणता? राणीच्या डोक्याभोवतीची अक्षरं बघा. ‘व्हिक्टोरिया क्वीन’ ही सलग एका कमानीत असतील तर रुपया आधीचा. एक शब्द डावीकडे, एक उजवीकडे असेल तर नंतरचा. मागच्या बाजूच्या वेलीवरची फळंसुद्धा मोजा. सगळ्या रुपयांवर ती सारखी भरत नाहीत, कारण ठसे, म्हणजे नाणं पाडायचे कोरीव साचे, झिजत आणि नवे कोरावे लागत. मानेच्या खाली विल्यम वायन या कोरणाऱ्याची दोन आद्याक्षरं सापडतात, ती काही नाण्यांवर उठावाची, काहींवर खोल गेलेली.

आता मला खरं सांगायचंय ते पुढे. नाण्यावरची खूण ठशातली की नंतर पडलेली, हे ओळखायचं कसं? ठसा पोलादाचा. सतत घाव बसून त्याला तडा गेला की त्या फटीत चांदी शिरते आणि नाण्यावर उठावाची बारीक रेघ उमटते. ओरखडा मात्र आत गेलेला असतो. दिवा एका बाजूला, अगदी खाली धरा आणि भिंगातून बघा, फरक लगेच कळतो.

पेशवाईतल्या अंकुशी रुपयावरही हेच लागू. त्यावरचा अंकुश ठशातच कोरलेला, म्हणून तो वर आलेला. चांदी खरी की नुसता मुलामा, हे बघायला सराफाने मारलेला छाप मात्र खोल रुतलेला. कडेला खडबडीत गाठ लागली तर समजा, कुणीतरी तो माळेत ओवायला कडी लावली होती आणि सोनाराने डाग देऊन ती तिथे जोडली होती.

एक विनंती, अगदी मनापासून. चिंच किंवा रांगोळी लावून नाणं घासू नका. काळपट थर चांदीला काही करत नाही, पण घासण्याने वायनची अक्षरं जातात, तड्याची रेघ जाते. आमच्याकडे दर दिवाळीला घासायचे, त्यामुळे राणीच्या केसांच्या बटा आता सपाट झाल्यात.

गालाजवळची एक रेघ तेवढी राहिली. आजी तिला ओरखडा म्हणायची. परवा मी भिंग लावलं, नखही हलकेच फिरवलं. रेघ वर आलेली आहे. म्हणजे त्याच ठशातून, त्याच दिवसांत निघालेल्या दुसऱ्या एखाद्या रुपयावर ती असणार, कदाचित तुमच्या डबीतल्या.