खुर्ची बसायसाठी असते, हे एआयला कोणी सांगितलं?

थांबा, आधी हा कूलर बंद करतो. मागच्या व्हिडिओखाली अर्ध्या कमेंटा कूलरच्या आवाजावरच होत्या. "भाऊ, विमानतळावर राहता का?" विमानतळाजवळच्या सोनेगावात नाही राहत बाप्पा. पण मे महिन्यातल्या नागपुरात कूलर बंद करून व्हिडिओ काढायचा म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या. घाम फुटायच्या आत आटपतो.

उरलेल्या अर्ध्या कमेंटा एकच गोष्ट विचारून राहिल्या: एआय वस्तू ओळखतं हे समजलं, पण ती वस्तू कशासाठी आहे हे त्याला कसं कळतं?

ओळखण्याचं पटकन उरकतो. लाखो फोटो, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी, त्यावरून शिकायचं. २०१२ साली इमेजनेट नावाच्या फोटो ओळखायच्या स्पर्धेत डीप लर्निंगनं, म्हणजे थरावर थर रचलेल्या गणितानं उदाहरणांतून शिकायच्या पद्धतीनं, सगळ्यांना मागे टाकलं, तिथे असे १००० प्रकार होते. त्यात घडीची खुर्ची वेगळी, झुलती खुर्ची वेगळी, न्हाव्याची खुर्ची वेगळी. झालं. नाव कळलं. उपयोगाचा यात कुठे संबंध आला? कुठेच नाही.

आता माझी खुर्ची ऐका. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाइपसाठी खड्डा खोदला आणि तसाच ठेवला. कोणी खोदला ते जाऊ द्या, नाव घेतलं की व्हिडिओ तिकडेच जाईल. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्या खड्ड्यात एक लाल प्लास्टिकची खुर्ची उभी केली. एक पाय मोडलेला, पाठीला कडुलिंबाची फांदी बांधलेली. मी फोटो काढला, एका चॅटबॉटला दिला आणि विचारलं, ही वस्तू कशासाठी आहे? उत्तर आलं: ही प्लास्टिकची खुर्ची आहे, बसण्यासाठी वापरतात, पाय तुटलेला असल्यामुळे सावध राहावं.

अरे, सावध राहावं म्हणूनच तर ठेवली आहे ना ती!

मग प्रश्न बदलला. म्हटलं, रात्री इथून स्कूटरवर जाणाऱ्यासाठी ही काय आहे? लगेच बरोबर उत्तर: पुढे खड्डा आहे, बाजूनं जा, अशी खूण. म्हणजे माहिती आत होती. माझ्या पहिल्या प्रश्नात "कोणासाठी" नव्हतं. माझं आजचं सगळं दुखणं या एका शब्दाचं आहे, आणि मी ते तीनदा सांगणार. कंटाळा आला तर पुढे ढकला.

जुन्या काळी लोकांनी काय केलं, ते बघा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात पॅट्रिक विन्स्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८३ मध्ये कपाची व्याख्या दिसण्यावरून न करता कामावरून केली. ठेवला तर स्थिर राहतो, उचलता येतो, वरून उघडा आहे आणि आत द्रव राहतो, तो कप. मग यंत्रानं शोधायचं की बूड सपाट आहे का, वजन कमी आहे का, धरायला कान आहे का. मला हे अजूनही फार आवडतं. फक्त एक सांगा, उचलता येतो म्हणजे कोणाला? माझ्या तीन वर्षांच्या भाचीला पितळेचा गडवा उचलता येत नाही. तिच्यापुरतं ते पाण्याचं भांडंच नाही, वाजवायची वस्तू आहे. चमचा घेऊन बसते, आणि शेजारच्या काकू दार ठोठावतात.

दुसरा रस्ता यादीचा. एमआयटीतच १९९९ पासून इंटरनेटवरच्या सामान्य लोकांकडून रोजच्या समजुतीची साधी वाक्यं लिहून घेतली, त्यातून पुढे कॉन्सेप्टनेट नावाचा माहितीचा साठा झाला. त्यात "अमुक वस्तू तमुक कामासाठी वापरतात" असं एक नातंच ठेवलं आहे. खुर्ची, बसणे. सुरी, कापणे. चांगलं काम आहे, नाही म्हणत नाही. पण यादी वस्तूच्या गळ्यात उपयोगाची पाटी अडकवते, आणि आजच्या पुष्कळ लोकांना वाटतं की उपयोग असाच असतो, वस्तूच्या पोटात ठेवलेला.

जेम्स गिब्सन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, वस्तू कोणाला काय करू देते, याला त्यांनी अफोर्डन्स हा शब्द दिला. गेल्या वेळी मी हा शब्द बोललो तर एका भावानं कमेंटमध्ये भाषांतर केलं: "परवड". भाऊ, परवड माझी होऊन राहिली आहे या उकाड्यात. गिब्सन म्हणायचे, गुडघ्याइतका उंच, सपाट, मजबूत पृष्ठभाग म्हणजे बसायची जागा. पण गुडघा कोणाचा? पोराचा गुडघा वेगळ्या उंचीवर, बापाचा वेगळ्या. म्हणजे बसणं एकट्या दगडात नाही आणि एकट्या माणसातही नाही, दोघांच्या मधे आहे. हा झाला पहिला फेरा.

दुसरा फेरा, हा कूलर. आत्ता हा कशासाठी आहे? थंड हवेसाठी. दिवाळीनंतर? आमच्याकडे त्याच्यात कांदे असतात. जिथे जाळी निघाली तिथून हात घालायचा. वस्तू तीच, बॉडी तीच, तारीख बदलली. आणि आत्तासुद्धा टाकीत पाणी नसेल तर तो नुसता गरम हवेचा पंखा आहे. यादीत लिहिलेलं "कूलर, थंडावा" मला दुपारी दोन वाजता काय कामाचं?

यंत्रमानव बनवणाऱ्यांना हे बरोबर चावतं, म्हणून तेच यावर जास्त विचार करतात. गूगलच्या लोकांनी २०२२ मध्ये सेकॅन नावाची पद्धत मांडली. समजा तुम्ही म्हणालात, माझं पेय सांडलं, मदत कर. भाषेचं मॉडेल, म्हणजे चॅटबॉटच्या आत असतं तसलं, म्हणेल व्हॅक्यूम क्लीनर आण. वाक्य म्हणून झकास. पण त्या यंत्रमानवाकडे क्लीनर आहे का? त्याचा हात पुरतो का? म्हणून ते दोन आकडे काढतात. या कामाला हे पाऊल किती उपयोगी, हा भाषेच्या मॉडेलचा आकडा. आणि इथून, या क्षणी, या हातानं ते किती जमेल, हा दुसरा, यंत्रमानवाच्या अनुभवातून शिकलेला. मग दोघांचा गुणाकार. दुसरा शून्याजवळ असला की पहिला कितीही शहाणा असो, पाऊल बाद. बघा, "कोणासाठी" आणि "कधी" इथे थेट गणितात आले.

तिसरा फेरा आईचा. शाळेत असताना वीज गेली, शर्ट चुरगळलेला, पंधरा ऑगस्टची परेड. आईनं गडव्यात चुलीतले निखारे भरले, कापडानं धरला आणि कॉलर कडक करून दिली. इस्त्री ही वस्तू बंद पडली तेव्हाही इस्त्री होती! गरजेनं गडव्याकडे बघितलं की तो जड आहे, बूड सपाट आहे, पितळ तापतं, हे दिसतं. नाव आठवलं की फक्त पाणी दिसतं.

माणसंही इथे अडकतात बरं. कार्ल डुंकर या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग आहे. मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेली डबी द्यायची, मेणबत्ती भिंतीवर लावायला सांगायचं. डबी भिंतीला टाचून तिच्यावर मेणबत्ती ठेवायची, हे उत्तर. पण टाचण्या आत असल्या की डबी लोकांना टाचण्यांचं घरच वाटते. रिकामी दिली की पटकन सुचतं. मग लिखाणावर वाढलेल्या मॉडेलचं काय? त्यानं पेला आणि पाणी लाखो वेळा शेजारी वाचलेत. गडवा आणि इस्त्री किती वेळा वाचले असतील? गडवा हा शब्दच पुण्याच्या लोकांना सांगावा लागतो! चिडू नका पुणेकर, तुमचा तांब्या तुम्हाला लखलाभ.

म्हणून कोणी विचारतं, "एआयला उपयोग समजतो का, हो किंवा नाही सांगा", तेव्हा मला चहा थंड होईपर्यंत बोलावंसं वाटतं. फोटो देऊन "हे काय आहे" विचारू नका. कोण, कुठे, कशाच्या घाईत, हे सांगून विचारा आणि मग चुकतं का बघा. चुकलं तर मला पाठवा, तिथेच खरी गंमत आहे.

आणि हो, खड्डा परवा बुजला. खुर्ची आता नाक्यावरच्या पानठेल्यासमोर आहे, मोडक्या पायाखाली वीट लावून. काल तिच्यावर बसूनच ही स्क्रिप्ट लिहिली. फांदी कोणी काढली नाही अजून, मानेला टोचते. चला, कूलर लावतो.