आधी पिस्टन, मग बोअरिंग

मित्रहो, जुन्या गाड्यांच्या पिस्टनविषयी बोलायचं तर उदाहरणाला एक इंजिन हवं. मी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं घेतो: कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेल्या फियाटचं, म्हणजे पुढे जिचं नाव पद्मिनी झालं त्या गाडीचं, १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५ मिमी, सिलिंडर असलेला मुख्य ठोकळा म्हणजे ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. हे इंजिन निवडण्याला आणखी एक कारण आहे. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी धावत होत्या तोवर तिचे पिस्टन हा रोज खपणारा माल होता. शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तेव्हापासून दुकानदाराला नवा माल भरायचं कारण उरलेलं नाही. जे मिळतं ते शिल्लक राहिलेलं, आणि शिल्लक मालात चांगलं-वाईट सगळं एकाच फळीवर असतं. म्हणून पारख आता आपल्यालाच करायला हवी.

पहिली गोष्ट कामाच्या क्रमाची. बहुतेक ठिकाणी इंजिन उघडलं की ब्लॉक थेट बोअरिंगला, म्हणजे झिजलेले सिलिंडर कोरून मोठे करायला जातो. ‘पहिली ओव्हरसाइज (मूळ मापाच्या वरची पहिली पायरी) मारून आणा’ असं सांगितलं जातं आणि मग माणूस पिस्टन शोधायला बाहेर पडतो. हे उलटं आहे. पिस्टनचा संच हातात येईपर्यंत ब्लॉकला हत्यार लागता कामा नये. बोअर करायचं ते त्या चार पिस्टनच्या मापाने. डब्यावरच्या आकड्याने नाही, आणि कारागिराच्या अंदाजाने तर नाहीच. ब्लॉकमधून गेलेलं बीड परत येत नाही. या इंजिनात सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेले आहेत.

पिस्टन मोजायचा कसा, ते नीट पाहू. पिस्टन डोळ्यांना गोल दिसतो, पण तो गोल नसतो. पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या दांडीच्या) दिशेने त्याचा व्यास मुद्दाम थोडा कमी ठेवलेला असतो, आणि वर रिंगांकडे तो खालच्यापेक्षा बारीक असतो. म्हणून माप घ्यायचं ते पिनला काटकोनात, स्कर्टच्या (रिंगांखालच्या बाजूच्या भिंतीच्या) खालच्या भागात, उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर. मायक्रोमीटर शतांश मिलिमीटर दाखवणारा हवा. व्हर्निअरवर हे काम होत नाही. पिस्टन आणि ब्लॉक एकाच खोलीत निदान एक रात्र ठेवलेले असावेत. उन्हात तापलेल्या डिकीतून काढलेला पिस्टन खोटं माप देतो.

माझ्या हातून गेलेल्या एका संचाच्या डब्यावर ‘०.४०’, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.४० मिमी मोठा, असं लिहिलं होतं. चारही पिस्टन मोजले तर सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा यांत तीन शतांशांचा फरक. आता हा फरक कशाशी ताडून पाहायचा? अशा ओतीव पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीशी जो एकूण क्लिअरन्स (फट) ठेवतात तोच चार-पाच शतांशांचा. म्हणजे चारही सिलिंडर एकाच मापाचे केले, तर एक पिस्टन घट्ट बसणार आणि एक वाजणार. असा संच परत करावा, हे उत्तम. दुसरा मिळतच नसेल तर प्रत्येक पिस्टनवर नंबर टाकावा, प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापाने होन करून (बारीक घासून) घ्यावा, आणि ते आकडे कागदावर लिहून कारागिराच्या हातात द्यावेत. तोंडी सांगितलेला शतांश वाटेतच हरवतो.

हा पिस्टन लंबगोल का, हे समजलं की बाकी बरंच उलगडतं. पिस्टनचा अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतो. ६८ मिमीचा स्कर्ट १०० अंशांनी तापला तर साधारण १४ शतांश वाढेल, बिडाची भिंत तेवढ्याच तापमानाला सात-आठ शतांश. चार शतांशांची फट कागदावर तरी संपलीच. तरीही इंजिन चालतं, कारण जुन्या बनावटीच्या पिस्टनमध्ये ही वाढ पिनच्या दिशेला वळवलेली असते. तिथे जागा राखून ठेवलेली असते. काही पिस्टनांत त्यासाठी स्कर्टला चीर देतात, काहींत आत पोलादी पट्टी ओततात. म्हणूनच दिसायला सारखे पण आतून वेगळे दोन पिस्टन एकाच क्लिअरन्सवर बसवायचे नाहीत. ज्याने पिस्टन बनवला, त्याने सांगितलेला आकडाच पाळायचा.

मिलिमीटर आणि इंच यांचा गोंधळही ब्लॉक खातो. ओव्हरसाइजमध्ये फियाटची चाल दोन-दोन दशांश मिमीची: ०.२, ०.४, ०.६. आपल्या बाजारात ०.५० आणि १.०० सुद्धा येतात. ज्याचा हात अ‍ॅम्बॅसडरवर बसलेला आहे तो मिस्त्री हजारांश इंचात बोलतो, वीस, चाळीस. त्याचं चाळीस म्हणजे १.०१६ मिमी. एक मिमीच्या पिस्टनला त्या मापाने बोअर केलं तर १६ मायक्रॉन, म्हणजे दीड शतांशाहून थोडे जास्त, जादा गेले. गाडी चालेल, पण नवीन इंजिन सकाळी थंडीत टकटक करेल आणि मालक तो आवाज टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) समजून तेच पिळत बसेल.

व्यासाइतकीच महत्त्वाची उंची, म्हणजे पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतचं अंतर. हे फारच कमी लोक मोजतात. या इंजिनात एका सिलिंडरमध्ये पिस्टन धावतो ती जागा २७२ सीसीची आहे. समजा कॉम्प्रेशन (आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ७.५ आहे, तर वर उरलेली जागा ४२ सीसीच्या आसपास. पिस्टन एक मिमी उंच निघाला की त्यातले साडेतीन सीसी गेले आणि कॉम्प्रेशन ८च्या वर. एक मिमी ठेंगणा निघाला तर ७च्या जवळ, आणि मग घाटात गाडीला दमच राहत नाही. म्हणून जुना पिस्टन कधीही भंगारात टाकू नका. तो शेजारी ठेवा आणि उंची, माथ्याचा आकार, पिनचा व्यास, रिंगांच्या खाचांची रुंदी नव्याशी पडताळून पाहा.

परदेशातून मागवणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. इटलीत १९६२ साली आलेल्या ‘११००डी’चं इंजिन १२२१ सीसीचं होतं, बोअर ७२ मिमी. आपल्याकडच्या ११००डीवर नाव तेच, पण बोअर ६८. नुसतं मॉडेलचं नाव सांगून मागवलेला संच म्हणूनच बसत नाही. बोअर आणि स्ट्रोक लिहूनच मागवा.

आता फोर्ज्ड, म्हणजे ओतण्याऐवजी दाबून घडवलेले पिस्टन. हौसेने बरेच जण विचारतात, आणि माझं मत स्पष्ट आहे: या गाडीला नको. फोर्ज्ड पिस्टन शर्यतीच्या इंजिनासाठी उत्तम, पण त्यांतले पुष्कळसे जास्त फुगणाऱ्या मिश्रधातूचे असतात, त्यांना क्लिअरन्स जास्त लागतो, आणि गरम होईपर्यंत ते वाजतात. आपली गाडी रविवारी पाच-सात किलोमीटर फिरते. तेवढ्यात इंजिन पुरतं तापतसुद्धा नाही. अशा वापराला चांगल्या कारखान्याचा, सिलिकॉन मिसळलेला साधा ओतीव पिस्टनच योग्य.

बंद डब्यातला जुना माल मिळाला तर जरूर घ्या, पण पाहून. तेलकट कागद कधी ओला झाला असेल तर अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरते. ती खाचेत असेल तर तो पिस्टन बाद. रिंगांवर गंज असेल तर रिंगा नव्या घ्या. चारही पिस्टन पिनसकट सोनाराच्या काट्यावर तोला. चार-पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर इंजिन आयडलला (गाडी उभी असताना मंद चालताना) थरथरणार.

ओव्हरसाइज किती घ्यायची? सिलिंडरची झीज साफ होईल तेवढी सर्वांत लहान. ०.४ने काम होत असताना केवळ हाताशी आहे म्हणून १.०० घेऊ नये. त्याने ताकद वाढत नाही, १०८९चे जेमतेम ११२२ सीसी होतात आणि पुढच्या दोन दुरुस्त्या मात्र संपतात. शेवटची ओव्हरसाइजही झिजली असेल तर ब्लॉक मोडीत काढू नका. कोरडे स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसणाऱ्या नळ्या) दाबून बसवून पुन्हा ६८वर येता येतं. फक्त स्लीव्ह दाबल्यावर ब्लॉकचा माथा प्लेन करून घ्या, आणि शेवटचं होनिंग त्यानंतर, तेही नवे पिस्टन समोर ठेवूनच.