पोस्ट सुटून येतो तेव्हा

काही वर्षांपूर्वी एक मावशी क्लिनिकमध्ये आल्या आणि त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. पुडीत त्यांच्या पुढच्या दाताची कॅप होती, आणि कॅपसोबत आख्खा फायबर पोस्ट, म्हणजे मुळात बसवलेली तंतूंची बारीक काडी. "भाकरीचा तुकडा तोडला आणि हे हातात आलं, डॉक्टर." तो दात मीच केला होता. पोस्ट भिंगाखाली धरला, तर वरपासून खालपर्यंत सगळं सिमेंट पोस्टलाच चिकटलेलं. कॅनॉलची, म्हणजे मुळातल्या पोकळ नळीची, भिंत मात्र कोरी. म्हणजे सिमेंटनं पोस्टला धरलं होतं, दाताला धरलंच नव्हतं. आज मला त्या कोऱ्या भिंतीबद्दल बोलायचं आहे. समोर बरेचसे इंटर्न आणि नुकती प्रॅक्टिस सुरू केलेले डॉक्टर आहेत, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

जुन्या गुळगुळीत भिंतीवर गिलावा करायचा असेल तर गवंडी आधी टाचे मारतो. 1955 मध्ये बुओनोकोर यांनी दाताच्या एनॅमलवर, म्हणजे बाहेरच्या कडक थरावर, फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावून हेच केलं. एनॅमलच्या आतल्या डेंटिनचं गणित सुटायला आणखी वेळ लागला. तिथे अ‍ॅसिडनं खनिज निघून गेलं की कोलॅजनच्या धाग्यांची ओलसर जाळी उरते. रेझिन, म्हणजे चिकटवायचं प्लास्टिकसारखं द्रव्य, त्या जाळीत शिरून घट्ट होतं. या मिश्र थराचं, हायब्रिड लेयरचं, वर्णन नाकाबायाशी यांनी 1982 मध्ये केलं. पण हा सगळा अनुभव दाताच्या वरच्या, उजेडातल्या भागाचा. तोच भरवसा घेऊन आपण कॅनॉलमध्ये उतरलो आणि तिथे फसलो.

पहिली अडचण आपणच तयार करतो. हायपोशिवाय, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटनं धुतल्याशिवाय, आरसीटी (रूट कॅनॉल ट्रीटमेंट) होत नाही. जंतू मारायला आणि उरलेला पल्प (दाताच्या आतला मऊ गर) विरघळवायला त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण सोडियम हायपोक्लोराइट डेंटिनला ऑक्सिडाइज करून जातं. त्या पृष्ठभागावर रेझिन नीट पॉलिमराइज, म्हणजे घट्ट, होत नाही, आणि ज्या कोलॅजनवर आपली सगळी भिस्त, तेही हायपोनं कुरतडलेलं असतं. हायड्रोजन पेरॉक्साइडनं शेवटचं धुणारे अजून आहेत. ऑक्सिजनचा त्रास तिथेही तोच. युजेनॉल (लवंगेच्या तेलातला घटक) असलेला सीलर, म्हणजे कॅनॉल बंद करायचं मिश्रण, किंवा तात्पुरतं सिमेंट भिंतीवर राहिलं तर तेही रेझिनला घट्ट होऊ देत नाही.

दुसरी अडचण आकाराची आहे, आणि माझ्या मते तिच्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. रेझिन घट्ट होताना आकसतं. एखादी बाजू मोकळी असेल तर तिथून ते थोडं सरकतं आणि ताण कमी होतो. चिकटलेल्या आणि मोकळ्या पृष्ठभागाचं गुणोत्तर म्हणजे सी-फॅक्टर. साध्या क्लास वन पोकळीत, म्हणजे दाढेच्या चावायच्या बाजूवरच्या खड्ड्यात, तो 5 असतो. कॅनॉल म्हणजे खोल, अरुंद विहीर: चहूबाजूंनी भिंत आणि मोकळं फक्त तोंड. तिथे हा आकडा 200च्या वर जातो. एवढा ताण आला की कोवळा बाँड भिंतीवरून उचकटतो. तेही पेशंट खुर्चीतून उठायच्या आत, आणि एक्स-रेमध्ये काही दिसत नाही.

त्यात तळापर्यंत लाइट पोचत नाही, म्हणून ड्युअल-क्युअर, म्हणजे लाइटनं आणि रासायनिक क्रियेनंही घट्ट होणारं, सिमेंट लागतं. आणि एकाच बाटलीतले काही आम्लधर्मी अ‍ॅडहेसिव्ह अशा सिमेंटच्या रासायनिक क्युअरिंगलाच अडवतात. तेव्हा बाटली आणि सिमेंट एकमेकांना चालतात का, हे माहितीपत्रकात वाचूनच घ्या.

मी आता काय करतो ते सांगतो. युजेनॉलचा सीलर वापरत नाही. पोस्टची जागा केल्यावर भिंतीवर गटापर्चाचा (कॅनॉल भरायच्या रबरासारख्या द्रव्याचा) किंवा सीलरचा डाग दिसेनासा होईपर्यंत साफ करतो. यात वेळ जातो, जाऊ द्यावा. खाली 4 ते 5 मिमी गटापर्चा राहू देतो. पल्प चेंबरच्या भिंतीवरून बर (ड्रिलचं टोक) अगदी हलका फिरवला की हायपो न लागलेलं ताजं डेंटिन मिळतं. 10 टक्के सोडियम अ‍ॅस्कॉर्बेटनं हायपोचा परिणाम उलटवता येतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. पाणी पेपर पॉइंटनं टिपतो. हवेचा झोत मारून कोलॅजन कोरडं पाडत नाही. आणि शक्य असेल तर कोअर, म्हणजे कॅपखालचा दाताचा भरलेला गाभा, त्याच दिवशी करतो, कारण तात्पुरत्या फिलिंगवर सोडलेला दात आठवड्यांनी परत येतो तो गळती घेऊनच.

एवढं करूनही मी पोस्टवर दात टांगत नाही. पोस्ट मुळाला बळ देत नाही, तो फक्त कोअरला धरून ठेवतो. री, मेसर आणि डग्लस यांनी 1989 मध्ये प्रीमोलर दातांवर मोजलं होतं: आरसीटीसाठी नुसती वाट केली तर दाताचा ताठपणा जेमतेम 5 टक्के घटतो, पण मध्ये आणि दोन्ही बाजूंना मिळून मोठी एमओडी पोकळी झाली तर 63 टक्के. म्हणून आधी बघायचं ते हिरडीच्या वर चहूबाजूंनी 2 मिमी निरोगी दात उरलाय का. कॅपला त्या कड्याची पकड मिळाली की आतल्या बाँडवरचा भार हलका होतो.

मावशींच्या दातात ती कड टाळूच्या बाजूला होती, ओठाच्या बाजूला जवळजवळ नव्हती. पहिल्या वेळी मी ते सिमेंटच्या भरवशावर सोडलं होतं. दुसऱ्या वेळी हिरडी थोडी मागे घेतली, कड मोकळी केली, आणि मगच नवा पोस्ट बसवला. हे करता आलं, कारण फायबर पोस्ट सुटून आला तरी मूळ शाबूत होतं. तिथे धातूचा जाड पोस्ट असता, तर बहुधा मूळच उभं चिरलं असतं आणि दात काढावा लागला असता.