चेरीच्या झाडाखाली पुरलेले कागद

नमस्कार श्रोतेहो. आज व्होलोदिमिर वाकुलेंको यांची ओळख करून द्यायची आहे. युक्रेनचे कवी आणि मुलांचे लेखक. मुलांचे लेखक, हे मी मुद्दाम दोनदा सांगतो. कारण मुलांसाठी लिहिणाऱ्याला आपल्याकडे अजूनही मागच्या रांगेतच बसवतात, आणि मला ते मुळीच पटत नाही.

जन्म १ जुलै १९७२ चा. खारकिव्ह प्रांतात इझ्यूम शहराला लागून कापितोलिव्का नावाचं गाव आहे, तिथला. मुलांसाठी त्यांनी लिहिलेल्या एका पुस्तकाचं नावच आहे ‘बाबाचं पुस्तक’. घरी स्वमग्न मुलगा होता, त्याचं सगळं हेच बघत.

२०२२ च्या मार्चमध्ये रशियन सैन्य गावात शिरलं. वाकुलेंको तिथेच राहिले आणि लिहीत गेले. हातानं, कागदावर. रोजनिशी हातानंच लिहावी असं माझं जुनं मत आहे, माणसाचा हात कुठे थरथरला तेही त्यात उतरतं. शेवटची नोंद २१ मार्चची, जागतिक कविता दिनाची. आकाशातून क्रौंच पक्ष्यांचा छोटा थवा गेला, आणि त्यांच्या ओरडण्यातून ‘सगळं युक्रेनच होणार’ असं ऐकू आल्यासारखं वाटलं, असं त्यांनी लिहिलं. क्रौंच म्हटलं की आपल्याला वाल्मीकी आठवतात. पहिला श्लोक त्याच पक्ष्याच्या दुःखातून फुटला ना!

मग त्यांनी ते कागद गुंडाळले आणि अंगणातल्या चेरीच्या झाडाखाली पुरले. वडिलांना सांगून ठेवलं, आपली माणसं परत आली की हे त्यांच्या हाती द्या. २४ मार्चला सैनिक त्यांना घेऊन गेले. ते परत आले नाहीत.

सप्टेंबरमध्ये इझ्यूम मोकळं झालं. युद्धातल्या अत्याचारांच्या नोंदी करणारी एक कादंबरीकार, व्हिक्टोरिया अमेलिना, त्यांच्या घरी पोचली. वडील तिला चेरीपाशी घेऊन गेले. त्यांनी खणलं. काही नाही. आणखी खणलं, तरी काही नाही. म्हाताऱ्या माणसाचा धीर सुटला. लेकानं शेवटचं सांगितलेलं एक काम, आणि तेही हातून होईना! तेव्हा व्हिक्टोरियानं फावडं घेतलं आणि ती खणत राहिली. खणत राहिली, आणि मातीतून ती गुंडाळी वर आली. मार्च ते सप्टेंबर, सहा महिने. इतके दिवस मातीत राहिलेल्या कागदाची काय गत होते, ते तुम्हाला सांगायला नको. पण अक्षरं राहिली. श्रोतेहो, अक्षरं राहिली. ते कागद तिनं खारकिव्हच्या साहित्य संग्रहालयात पोचवले.

वाकुलेंको सापडले ते नंतर. इझ्यूमजवळच्या जंगलात चारशेहून जास्त कबरी होत्या. त्यातली ३१९ क्रमांकाची त्यांची. नोव्हेंबरमध्ये डीएनए तपासणीतून ओळख पटली.

२०२३ मध्ये रोजनिशीचं पुस्तक झालं, प्रस्तावना व्हिक्टोरियाची. त्याच वर्षी जून महिन्यात पूर्व युक्रेनमधल्या क्रामातोर्स्क शहरात ती जेवायला बसली होती, त्या जागेवर रशियन क्षेपणास्त्र पडलं. चार दिवसांनी, १ जुलैला, ती गेली. वाकुलेंको असते तर त्या दिवशी ५१ वर्षांचे झाले असते.