जुलैत गिटार जड का लागते

नमस्कार मंडळी. मुंबईत पावसाळा लागला की घरातलं एखादं तरी दार फुगतं, खांद्याने ढकलल्याशिवाय लागत नाही, बरोबर ना? गिटारही लाकडाचीच, पण हे माझ्या डोक्यात शिरायला एक अख्खा पावसाळा गेला. माझी पहिली सॉलिड टॉपची, म्हणजे वरची फळी अस्सल सलग लाकडाची असलेली गिटार मे महिन्यात मस्त वाजत होती, जुलैत मात्र एफ कॉर्ड धरला की बोटांत कळा यायला लागल्या. एका रिपेअरवाल्याकडे नेली, त्याने ट्रस रॉड आवळून दिला, तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, तारा खरखरायला लागल्या आणि वरच्या फ्रेटवर ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, होती तशीच.

ट्रस रॉड म्हणजे नेकच्या, गिटारच्या दांड्याच्या, आतली लोखंडी सळई, गिब्सन कंपनीने ती 1920च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या आसपास जातो, म्हणजे अख्खा माणूस दिवसरात्र लटकलेला, त्याने नेक वाकू नये म्हणून ही सळई. पण ती फक्त नेकचा बाक कमीजास्त करते. माझ्या गिटारची वरची फळी दमट हवा पिऊन फुगली होती आणि तिच्यासोबत ब्रिज, म्हणजे तारा जिथे फळीला बांधलेल्या असतात तो तुकडा, वर आला होता, तिथे सळई काय करणार?

मग फळी जाड का नाही करत? कारण आवाज तिच्या थरथरण्यातूनच येतो, ती जेमतेम 3 मिलिमीटरची असते. ती टिकते आतल्या फुलीसारख्या चिकटवलेल्या पट्ट्यांवर, म्हणजे एक्स ब्रेसिंगवर. मार्टिन कंपनी 1840च्या दशकापासून हे वापरतेय, तेव्हा तारा आतड्याच्या होत्या, आणि पुढे स्टीलच्या आल्या तरी तीच फुली तो ताण पेलू शकली, मला याचं फार कौतुक वाटतं.

1966 मधे चार्ल्स कामन या हेलिकॉप्टर बनवणाऱ्या इंजिनिअरने ओव्हेशन गिटार काढली, मागची बाजू फायबरची, वाडग्यासारखी गोल. ती बाजू फुगायचा प्रश्नच नाही, पण वरची फळी स्प्रूसच्या लाकडाचीच, म्हणजे अर्धं दुखणं तसंच.

आपल्या हवेसाठी मला सगळ्यात शहाणी वाटते ती टेलर कंपनीची 1999ची नेक. जुन्या गिटारमधे नेक सरसाने चिकटवलेली, तिचा कोन बदलायचा तर वाफ देऊन सांधा सोडवावा लागतो, मोठं खर्चिक काम. टेलरने नेक बोल्टने बसवली, आत पातळ चकत्या बदलल्या की काही मिनिटांत कोन बदलतो. आता काही कंपन्या ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या भट्टीत लाकूड भाजून घेतात, ते ओलावा कमी धरतं. आणि पूर्ण कार्बन फायबरची गिटार तर पावसात ट्रेनने नेली तरी फुगत नाही, आवाज मला थोडा कोरडा वाटतो, पण रोज विरार-चर्चगेट करणाऱ्याला मी तीच घे म्हणेन.

लाकडाचीच असेल तर भिंतीवर टांगू नका, केसमधे ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) टाका, 45 ते 55 टक्के आर्द्रता उत्तम. आणि आज घरी गेलात की बाराव्या फ्रेटपाशी सगळ्यात जाड तारेखाली पट्टी धरा, अंतर अडीच मिलिमीटरच्या बरंच वर असेल तर ट्रस रॉडला हात लावायच्या आधी ब्रिजमागची फळी फुगलीय का ते बघा.